रिकाम्या बाटलीची परतीची वाट



आज आपल्याशी बेटांविषयी बोलावयाचे आहे. आपल्या मुलचेऱ्यापासून कोणत्याही दिशेला निघाले तरी समुद्र शेकडो किलोमीटर लांब. तेव्हा जंगलात राहणाऱ्या माणसाला बेटाशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. पण श्रावणात दिना नदी काठ सोडून वाहू लागली, नाल्यावरचा रपटा पाण्याखाली गेला आणि पलीकडच्या गावाचा रस्ता तुटला, म्हणजे बेट कशाला म्हणतात हे सांगायला भूगोलाचे पुस्तक उघडावे लागत नाही. दुकानातले मीठ किती दिवस पुरेल, रॉकेल आहे की संपले, गोळ्याऔषधे कोणाकडे आहेत, असा हिशेब घराघरांत सुरू होतो. बेटावरचा माणूस हाच हिशेब बारा महिने करतो. जहाज कधी येणार आणि त्यात काय येणार?

चहूंकडून पाणी असलेली जमीन म्हणजे बेट, ही झाली शाळेतली व्याख्या. व्यापाराच्या बाजूने पाहिले तर तिच्यात थोडी भर घालावी लागते. ज्या जागी माल भरल्या गाडीने येतो, पण त्या मालाचे रिकामे वेष्टन परत नेण्यात कोणाचाच चार पैशांचा फायदा नसतो, ती जागाही बेटच. या व्याख्येत मुलचेरा तालुक्यातली कितीतरी गावे बसतात. म्हणून म्हटले, खऱ्या बेटांवरच्या लोकांनी या रिकाम्या वेष्टनांचे काय केले ते आज पाहू. त्यात आपल्या उपयोगाचे बरेच आहे.

प्रथम किरिबाटी नावाच्या देशाकडे जाऊ. हा देश प्रशांत महासागरात, विषुववृत्ताच्या आजूबाजूला पसरलेला आहे. लहानमोठी 33 बेटे आणि सर्व मिळून माणसे सव्वा लाखाच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. ही बहुतेक बेटे प्रवाळाची. मधे उथळ पाणी आणि भोवती बांगडीसारखी जमिनीची चिंचोळी पट्टी. तारावा या मुख्य बेटावर तर काही ठिकाणी पट्टी इतकी अरुंद की एका बाजूच्या लाटांचा आवाज ऐकत दुसऱ्या बाजूचा किनारा दिसतो. जमीन समुद्रापेक्षा दोनतीन मीटरच उंच. खड्डा खणला तर लगेच पाणी लागते, आणि तेच पिण्याचे पाणी. आता सांगा, अशा जागी कचरा पुरायचा कुठे?

पूर्वी तेथे हा प्रश्न नव्हता. खाणे मासळी आणि नारळ. नारळाचे पाणी पिऊन करवंटी फेकली तर ती कुजते, नाहीतर चुलीत जाते. निसर्गाने पाण्याचे याहून चांगले पाकीट बनवलेले नाही. पुढे जहाजांतून तांदूळ, पीठ, तेल, डब्यातले मांस आणि बाटलीतली गोड पेये येऊ लागली. लोकांना ती हवीही होती, त्यात त्यांना दोष देण्यासारखे काही नाही. परंतु माल खाऊन संपला तरी डबा आणि बाटली बेटावरच राहिली. किनाऱ्यावर ढीग साचू लागले.

2004 साली किरिबाटीच्या सरकारने एक कायदा केला. त्यातून उभ्या राहिलेल्या योजनेला तेथील भाषेत काओकी मांगे म्हणतात, म्हणजे कचरा परत पाठवा. योजना इतकी साधी की आपल्या पाचवीतल्या मुलाला समजावी. जो व्यापारी बाहेरून पेयाचा डबा किंवा प्लास्टिकची बाटली देशात आणील त्याने प्रत्येक नगामागे पाच सेंट सरकारी निधीत भरायचे. व्यापारी ते गिऱ्हाइकाकडून किमतीत वसूल करतो. गिऱ्हाइकाने रिकामी बाटली केंद्रावर आणून दिली की त्याला चार सेंट परत. उरलेल्या एका सेंटावर केंद्र चालते. जमलेला माल यंत्राखाली दाबून त्याचे गठ्ठे करायचे आणि ज्या समुद्राने तो आला त्याच समुद्राने बाहेर पाठवायचा.

या योजनेत कोणाला उपदेश केलेला नाही. “आपला परिसर स्वच्छ ठेवा” अशी पाटी लावलेली नाही. बाटली ज्याने विकत घेतली त्याने ती फेकली तरी हरकत नाही, दुसरा कोणी उचलील, कारण ती आता कचरा नाही, ती चार सेंट आहे. आणि मोठी गोष्ट ही की गोळा करण्याचा खर्च माल आत येतानाच भरून घेतलेला असतो. माल एकदा विकला गेला, त्याचे वेष्टन नाल्यात गेले आणि मग पैसे कोण देणार म्हणून ग्रामपंचायतीत चर्चा सुरू झाली, तर त्या चर्चेचा शेवट काय होतो हे आपणांस ठाऊकच आहे.

अर्थात या योजनेत सर्व काही येत नाही. बिस्किटांची वेष्टने, शॅम्पूच्या पुड्या यांना तीत जागा नाही, आणि त्या किरिबाटीच्या किनाऱ्यावर आजही येऊन पडतात. त्याचे कारण पुढे सांगतो.

याच महासागरात सामोआ म्हणून दुसरा देश आहे. तेथे एका जगप्रसिद्ध थंड पेयाचा कारखाना होता आणि ते पेय अनेक वर्षे काचेच्या बाटलीत मिळे. बाटली परत दिली की पैसे परत. बाटली धुऊन पुन्हा भरायची. आपल्याकडच्या गोळी सोड्यासारखेच हे. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल, बाजारात सोडा प्यायला तर दुकानदार बाटलीवर नजर ठेवून असे आणि ती घरी नेऊ देत नसे. सामोआत 2021 साली ही पद्धत बंद पडली, पेय तेथे भरणेच थांबले आणि शेजारच्या देशातून ते प्लास्टिकच्या बाटलीत येऊ लागले. ज्याने तो निर्णय घेतला त्याला ते सोयीचे झाले असेल. काच जड आणि फुटणारी, प्लास्टिक हलके. बाटल्या धुण्याची कटकट नाही. पण जी कटकट कारखान्यात होती ती नाहीशी झाली नाही, ती बेटावरच्या लोकांच्या दारात आली. पिणारी माणसे तीच होती, तहानही तीच. मग लोक अकस्मात घाणेरडे झाले असे म्हणावयाचे काय? माल पुरवणाऱ्याने परतीची वाट बंद केली, एवढेच झाले होते.

आता एका अशा बेटाकडे येऊ, जेथे मराठी बोलणारी माणसे आहेत. हिंदी महासागरातले मॉरिशस. 1834 नंतर उसाच्या मळ्यांवर काम करण्यासाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये मजूर तेथे गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज तेथे नांदत आहेत. शाळेतून मराठी शिकवली जाते, आणि गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. या मॉरिशसने 2016 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांना मनाई केली आणि 15 जानेवारी 2021 पासून एकदा वापरून फेकावयाची प्लास्टिकची ताटे, पेले, चमचे आणि नळ्याही बंद केल्या. कारण जागा नाही. सबंध देशाचा कचरा पुरण्याचे मोठे ठिकाण एकच, मार शिकोज नावाचे. ते भरत आल्यावर कचऱ्यावर कचरा रचून उंची वाढवण्याची पाळी आली.

गुरुजी, येथे मुलांना एक गणित घालण्यासारखे आहे. मॉरिशस देशाचे क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरांच्या थोडे वर, आणि एकट्या गडचिरोली जिल्ह्याचे 14,412. म्हणजे आपला जिल्हा त्या देशाच्या सातपट. माणसे मात्र तेथे बारा लाखांवर, आणि आपल्या जिल्ह्यात 2011 च्या शिरगणतीप्रमाणे 10 लाख 72 हजार. मग आपल्याला कसली चिंता, जागा तर भरपूर आहे, असे एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल. आणि नेमके हेच आपले दुखणे आहे. मॉरिशसला कचरा दिसतो, म्हणून तेथे कायदा होतो. आपल्याकडे तो जंगलात जातो, पावसात नाल्याने वाहतो, दिनेतून प्राणहितेत आणि प्राणहितेतून गोदावरीत जातो. डोळ्यांआड झाले की आपण समजतो, गेले!

गेले कोठे, ते गाईला विचारा. बाजार उठल्यावर मीठ लागलेली, तेलाचा वास असलेली पन्नी गाय खाते. तिला ती ओकून टाकता येत नाही, आणि रवंथ करून ती बारीकही होत नाही. वर्षानुवर्षे पोटात गोळा होतो, मग चारा खाल्ला तरी अंगी लागत नाही, पोट फुगते, दूध आटते. गुरांच्या डॉक्टरांनी पोट उघडून किलोकिलोंनी पन्नी बाहेर काढल्याची उदाहरणे देशभर आहेत. दुसरे ठिकाण चूल. ओल्या लाकडांना जाळ लवकर लागावा म्हणून पन्नीचा तुकडा पेटवतात. त्याचा धूर पहिल्याप्रथम जाते ती आपली आई, नाहीतर वहिनी. आणि तिच्या कडेवरचे लेकरू. हा धूर लाकडाच्या धुरापेक्षाही वाईट असतो. पन्नी चुलीत घालू नका, एवढे मात्र मी आज आग्रहाने सांगेन.

आता कोणी म्हणेल, मग प्लास्टिकच्या नावाने खडेच फोडावेत. मला तसे वाटत नाही. पूर्वी मीठ उघड्या पोत्यातून येई. आयोडीनयुक्त मीठ दमट हवेत उघडे राहिले की त्यातले आयोडीन कमी होत जाते, आणि आयोडीन कमी पडले की गलगंड होतो, मुलांची वाढ खुंटते. बंद पिशवीतल्या मिठाने फार मोठे काम केले आहे. तेलाचेही तसेच. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. शेकडो माणसांच्या अंगावर सूज आली आणि साठाहून अधिक दगावली. सुट्या तेलात काय आहे हे गिऱ्हाइकाला कळत नाही. पुराच्या दिवसांत जलसंजीवनीची पुडी गावात कोरडी पोचते ती तिच्या वेष्टनामुळेच. तेव्हा मिठाची पिशवी, तेलाची पिशवी आणि औषधाची पुडी यांना आपण नावे ठेवू नये. दूर जंगलात माल टिकून पोचवावयाचा तर चांगले वेष्टन हवेच.

पण पाव घटकेच्या चहासाठी प्लास्टिकचा पेला कशाला? बाजूला बोअरिंग असताना पाण्याची पिशवी कशाला? आणि खर्रा! सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटायचा, त्याच पन्नीत बांधायचा आणि तोंडात टाकून पन्नी जिथल्या तिथे सोडायची. पानठेल्यासमोरची जमीन बघा, मातीपेक्षा पन्नीच जास्त. खर्रा तोंडाचे काय करतो हे स्वतंत्र भाषणात सांगण्यासारखे आहे. आज फक्त पन्नीपुरते बोलतो. 2011 च्या केंद्रीय नियमांनीच गुटखा, तंबाखू आणि पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकण्यास मनाई केली होती. महाराष्ट्राने 2018 साली आणि केंद्राने 1 जुलै 2022 पासून आणखी कितीतरी वस्तू बंद केल्या. कायद्याला तोटा नाही. पण तो लगामपर्यंत, गोमणीपर्यंत पोचता पोचता दमतो.

आता मघाशी राहिलेले कारण. भंगारवाला पाण्याची बाटली घेतो, शॅम्पूची पुडी का घेत नाही? बाटली एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. ती वितळवून पुन्हा धागा किंवा वस्तू करता येते. कुरकुरीत खाऊचे चकचकीत पाकीट मात्र आत चांदीसारखा मुलामा आणि वर प्लास्टिकचे दोनतीन थर एकमेकांना चिकटवून केलेले. ते थर सुटे करण्याचा खर्च मालापेक्षा जास्त. शिवाय रिकामी पुडी जेमतेम ग्रॅमभर भरते. किलोभर जमवायला हजार पुड्या वेचाव्या लागतील आणि एवढे करून घेणारा कोणी नाही. म्हणून बाटली कधीतरी परत जाते, पुडी कधीच जात नाही.

बाटलीचा हिशेबही मांडून पाहू. लिटरभर पाण्याच्या चाळीसपन्नास रिकाम्या बाटल्या मिळून एक किलो होतो. समजा भंगारवाल्याने किलोला दहा रुपये दिले, तर एका बाटलीचे आले वीसपंचवीस पैसे. एवढ्यासाठी कोण वाकेल? त्यातून त्याला त्या मुलचेऱ्याहून आष्टी, गोंडपिपरी करीत बल्लारशाहकडे न्यावयाच्या. न दाबता भरल्या तर गाडीत माल थोडा आणि हवाच फार. भाडे मात्र पूर्ण. म्हणून तो रस्त्याकडेच्या गावात येतो, नाल्यापलीकडे येत नाही. याच बाटलीवर आत येतानाच एक रुपया अनामत असती तर? तीच बाटली चारपाचपट मोलाची झाली असती, आणि नाल्यापलीकडचे पोरही ती घेऊन बाजारात आले असते.

हे किरिबाटीतच होते असे नाही. आपल्याच देशात, तामिळनाडूतल्या निलगिरी जिल्ह्यात 2022 पासून हे चालू आहे. तोही आपल्यासारखा जंगलाचा जिल्हा. दारूच्या काचेच्या बाटल्या रानात फुटून हत्तींच्या पायांत काचा घुसत. प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. तेव्हापासून बाटलीमागे दहा रुपये जास्त घेतात आणि रिकामी आणून दिली की परत देतात. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. पिणारे काही एका रात्रीत सज्जन झाले नव्हते. दहा रुपये कोणाला नको असतात?

मोठ्या कंपन्यांवर आज कायद्याने जबाबदारी आहे. त्या जेवढे प्लास्टिक बाजारात आणतात त्या प्रमाणात त्यांनी ते गोळा करवून त्याची व्यवस्था लावली पाहिजे; 2016 चे नियम आणि त्यांत 2022 साली घातलेली भर हेच सांगते. पण यात एक मेख आहे. हा हिशेब टनावर चालतो, गावावर चालत नाही. जेथे गोळा करणे स्वस्त तेथूनच गोळा होणार. नागपूरच्या गल्लीतून टनभर माल मिळत असताना विवेकानंदपूर किंवा सुंदरनगरपर्यंत कोण येईल? कागदावर हिशेब पुरा होतो आणि आपली पन्नी आपल्याच नाल्यात राहते. माझ्या मते दूरच्या तालुक्यांतून गोळा केलेल्या किलोला जास्त मोल धरले पाहिजे, आणि हे मागणे ग्रामसभांनी लेखी केले पाहिजे.

ग्रामसभेच्या हातात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. 1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना ज्या बाबींत अधिकार देण्यास सांगितले आहे, त्यांत गावबाजाराचे व्यवस्थापनही आहे. तेंदूपत्ता आणि बांबू यांचा व्यवहार आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा स्वतः करतात, लाखांचे हिशेब ठेवतात. त्यांना आठवडी बाजाराचा एक नियम करणे जड नाही: जो व्यापारी गाडी भरून माल आणतो, त्याने संध्याकाळी जाताना रिकाम्या वेष्टनाचे एक पोते घेऊन जावे. गाडी तशीही रिकामीच जाते. पहिल्या बाजाराला तो कुरकुरेल. चौथ्या बाजाराला पोते स्वतःच मागेल, कारण त्यालाही बाजारात जागा हवी असते.

आणि पंगतीचे काय? पळसाची पाने दारात, ती टाचायला बांबूच्या काड्या दारात, टाचणारे हात घरात. आणि लग्नाला आपण थर्माकोलची ताटे शोधीत होतो. पत्रावळीत रस्सा गळतो ही तक्रार खरी आहे. पण दोन थरांची नीट टाचलेली पत्रावळ गळत नाही, आणि रश्श्याला द्रोण आहेच. जेवण झाल्यावर ती उकिरड्यावर टाकली तर तिचे खत होते, गाईने खाल्ली तर गाईचे भलेच. बाहेरून काही आणावयाचे नाही, म्हणून परत पाठवावयाचेही नाही.

गुरुजनांना एक काम सुचवून थांबतो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मुलांना घेऊन बाजाराच्या जागेवर जा. हातात काठी आणि पोती असू द्या. काच आणि सुया मुलांना उचलू देऊ नका. जे मिळेल त्याचे तीन ढीग करा: भंगारवाला घेतो ते, धुऊन घरी पुन्हा वापरता येते ते, आणि कोणीच घेत नाही ते. प्रत्येक ढीग मोजा, जमल्यास तोला आणि तारीख घालून वहीत लिहा. चार बाजारांची अशी मोजणी झाली म्हणजे ग्रामसभेपुढे ठेवायला तुमच्याजवळ आकडे असतील. कोणत्या वस्तूच्या पुड्या सर्वांत जास्त तेही त्यात दिसेल. बाटल्या पायाखाली चपट्या करून वर बूच लावा, म्हणजे पुन्हा फुगत नाहीत आणि पोत्यात तिप्पट मावतात. पोती छपराखाली ठेवा. ओला, चिखल लागलेला माल भंगारवाला घेत नाही, आणि घेतलाच तर वजनात कापतो.